कॉन्झर्व्हेटरीवर कौलं: जुनी चौकट पेलेल का?

स्लाउकर: काल इथे एकाने कॉन्झर्व्हेटरीबद्दल (घराला जोडलेल्या, काचेच्या भिंतींच्या खोलीबद्दल) लिहिलं, "पॉलिकार्बोनेट काढा, कौलं घाला, चौकट आहे तीच चालते, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पैसे वाया." वाचून राहवलं नाही. 25 मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे छपराचं प्लास्टिक, चौरस मीटरला जेमतेम साडेतीन किलो. 4-4 मिलिमीटरची दुहेरी काच 20 किलो. हलकी म्हणून विकली जाणारी कौलं घेतली, तरी प्लायवुड, इन्सुलेशन, प्लास्टरबोर्ड धरून त्याच्याही वर जातं. युपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, खिडकी हे ओझं घ्यायला केलेलीच नसते. भार घेतात ते कोपऱ्याचे खांब आणि चौकटीच्या पोकळ प्लास्टिक पट्ट्यांच्या आत सरकवलेल्या पोलादी नळ्या. त्या आहेत का, हे कोणी उघडून बघितलं? ओझं वाढलं की आढं खाली बसतं, वासे पाय पसरतात, वळचणीचा बीम बाहेर रेटला जातो. दोन्ही बाजू धरून ठेवणारा आडवा दांडा, टाय बार, त्यासाठीच असतो, आणि आमचे बिल्डर 'दिसायला बरं नाही' म्हणून तोच आधी कापतात.

लेस्टरवाली: उगाच घाबरवू नका. आमची कौलं 2018 च्या मार्चमधला बर्फही झेलून उभी आहेत. आधी त्या खोलीत उन्हाळ्यात भट्टी, आणि पाऊस आला की बोललेलं ऐकू यायचं नाही. आज मुलगी तिथेच अभ्यासाला बसते. हे तुमच्या आकड्यात कुठे बसतं?

स्लाउकर: खोली सुखाची झाली, आनंद आहे. पण बर्फ सपाट पडून थांबत नाही. घराच्या मोठ्या छपरावरून घसरून भिंतीलगत साचतो, तिथला भार बाकीच्या छपरापेक्षा कितीतरी जास्त. एक हिवाळा निभावला म्हणजे हिशोब झाला असं नाही.

क्रॉयडनकर: छपराचंच काय धरून बसलात, खाली बघा. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते. घराचा पाया खोल, कॉन्झर्व्हेटरीचा बहुतेकदा उथळ. घर जागेवर राहतं, ही खाली जाते. 2022 च्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडे जोडावर बोट जाईल एवढी भेग पडली. शेजाऱ्यांचं ओकचं झाड जवळ आहे, ते मातीतलं पाणी ओढतं, त्यावरून वर्षभर बोलणं बंद.

हाउन्स्लोवाली: आम्ही 'आपला माणूस' म्हणून काम दिलं. पैसे रोख, पावती नाही. त्याने घर आणि कॉन्झर्व्हेटरीमधलं दारच काढून टाकलं. घर विकायला काढलं तेव्हा समोरच्या वकिलाने बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम नियमात आहे याचा, दाखला मागितला. दाखला कुठून आणणार? गिऱ्हाईक गेलं.

लेस्टरवाली: यात 'आपला माणूस' कुठून आला? इंग्रज बिल्डरही रोखच मागतात. आमचं काम मराठी माणसाने केलं, आणि तो अजून फोन उचलतो.

हाउन्स्लोवाली: फोन उचलतो, पण कागद देतो का? मी जातीपातीचं बोलत नाहीये, कागदाचं बोलतेय.

लेस्टरवाली: तसंच वाचलं जातं, ताई. इथे आलेल्या पोरांना पहिली कामं आपणच नाही दिली, तर कोण देणार?

क्रॉयडनकर: काम द्या, पावतीही घ्या. दोन्ही जमतं.

स्लाउकर: इंग्लंडमध्ये 30 चौरस मीटरच्या आतली, काचेच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या छपराची, मधलं बाहेरचं दार शाबूत असलेली कॉन्झर्व्हेटरी सहसा बिल्डिंग रेग्युलेशनमधून (बांधकामाच्या नियमांतून) सुटते. पक्कं छप्पर घातलं किंवा दार काढलं की सूट संपली, अर्ज करायचा.

लेस्टरवाली: बरं, अर्जाचं पटलं. आमच्या बिल्डरनेही केला होता, आणि खांबांच्या आतल्या नळ्याही बघितल्या होत्या. पण दरवेळी इंजिनिअर? त्याच्या फीत निम्मी कौलं येतील.

क्रॉयडनकर: निम्मी नाही येत. आणि अर्जाआधी बुटक्या भिंतीलगत खड्डा खणून पाया किती खोल आहे ते बघा. आम्हाला भेग पडल्यावर खणावा लागला.