१ डिसेंबर २०२१ ला शाळा उघडायची आहे, ६,००० रुपयांत काय घ्यावं?

यावलचा_पालक
मंडळी, सल्ला हवा आहे. जि.प. शाळा, पहिली ते चौथी, पट ६२. शिक्षक दोन, खोल्या दोन (२४ बाय २० फूट), पुढे व्हरांडा, आवारात निंबाचं मोठं झाड. कोरोनामुळे बंद असलेले ग्रामीण भागातले हे वर्ग आता सुरू होताहेत. शाळा व्यवस्थापन समितीकडे ६,००० आहेत, त्यावर एक रुपया नाही. काय घ्यावं? आणि पोरं दिवसाआड बोलवावी की दोन पाळ्यांत? दुसरीच्या पोरांनी अजून वर्गच पाहिलेला नाही, म्हणून घाई आहे.

केळीवाला_रावेर
भो, आधी ताप मोजायची थर्मल गन घ्या, दोन घ्या. आमची २,२०० ची आहे, एक नंबर चालते. शिवाय पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड आणि दोन ऑक्सिमीटर. नऊ-दहा हजारांत सगळं बसतं. पोरं दिवसाआडच बोलवा.

धुळेकर_नाना
त्यांनी ६,००० लिहिलंय, दादा.
गनवर फार भरवसा ठेवू नका. डिसेंबरात सकाळी गार वाऱ्यातून आलेल्या पोराचं कपाळ थंड असतं, गन ९४-९५ दाखवते आणि ताप लपतो. उन्हातून आलं तर उलटं होतं. पोराला दहा मिनिटं व्हरांड्यात बसवा, कपाळ कोरडं पुसा, ३ ते ५ सेंटिमीटरवरून मोजा. गनवर ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ अशी दोन सेटिंगं असतात. चुकून सरफेसवर राहिली तर सगळ्यांचा आकडा खाली येतो. १००.४ फॅरनहाइट किंवा वर आलं की पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरी तेच आलं तर घरी पाठवायचं. एकच गन पुरे. ऑक्सिमीटर नको, लहान बोटाला मोठ्यांचा चिमटा नीट बसत नाही आणि बोट गार असलं की आकडा भरकटतो.

अमळनेर_आप्पा
खर्च कशाला? फवारणीचा पंप घरोघरी आहे. हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) भरा, रोज खोली मारा, गेटवर पोरांवरही हलका फवारा द्या.

चोपडा_औषधवाला
आप्पा, हे अजिबात करू नका. कापसावर मारलेल्या औषधाचा अंश टाकीत, नळीत, नोझलमध्ये राहतो, धुतला तरी पूर्ण जात नाही. आणि माणसावर क्लोरीन फवारायचंच नसतं, डोळे चुरचुरतात आणि छाती धरते.
बाकं फडक्याने पुसायची. ब्लीचिंग पावडर ३० टक्क्यांची असेल तर लिटरला ३३ ग्रॅम, म्हणजे साधारण १ टक्का. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ घ्या. पुसून दहा मिनिटांनी साध्या पाण्याचा हात फिरवा, नाहीतर बाकाचं लोखंड गंजतं. तयार पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, जोर उतरतो. संडासच्या ॲसिडमध्ये हे कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो.

केळीवाला_रावेर
एवढं मोजमाप गुरुजी कधी करणार? बाजारात तयार मिळतं.

चोपडा_औषधवाला
हायपोक्लोराइटची तयार बाटली १० टक्क्यांची असेल तर एकाला नऊ भाग पाणी, ५ ची असेल तर एकाला चार. लेबल वाचायचं, बस्स.

शहाद्याची_ताई
पुसण्यावरच सगळं चाललंय, खरा प्रश्न हवेचा आहे. हा आजार बंद खोलीतल्या हवेतून जास्त पसरतो. खिडक्या उघडून खोलीच्या मध्यभागी उदबत्ती लावा. धूर बाहेर निघून न जाता तिथेच घोटाळत राहिला तर हवा खेळत नाही. जि.प.च्या खोल्यांत वरचे झरोके बहुतेक बुजलेले असतात, पारव्यांमुळे कोणीतरी पत्रा ठोकलेला असतो. तो काढा, जाळी लावा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहतील असे हूक बसवा. बंद खोलीत छताचा पंखा तीच हवा फिरवतो. उभा पंखा असेल तर खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा.
निंब आहे तर वाचन, पाढे त्याच्याखाली घ्या, ते फुकट आहे.

पारोळा_१९
नानांनी सांगितलं तेच सांगतो, एकच गन घ्या. आणि कापूस वेचणी चालू आहे, अर्धी पोरं येणारच नाहीत, एवढा खर्च करू नका. वर तो कोरोनाचा नवा प्रकार ओमिक्रॉन आलाय. जानेवारीपर्यंत थांबा.

शहाद्याची_ताई
दादा, वेचणीला गेलेलं पोर जानेवारीत परत येईलच असं नाही. म्हणूनच आत्ता उघडायचं.

चाळीसगाव_सरपंचबाई
हात धुवायची सोय ग्रामपंचायतीकडून मागा. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. ठरावाला वेळ लागेल, तोवर २०० लिटरचा ड्रम दोन फूट उंच ओट्यावर ठेवा, पीव्हीसी पाइपला चार नळ काढा, नळांत तीन फूट अंतर. ड्रम खाली ठेवलात तर शेवटच्या नळाला धार येत नाही. साबणाच्या वड्या जाळीत बांधून नळाला टांगा. सॅनिटायझरपेक्षा स्वस्त, आणि स्वयंपाकाच्या चुलीजवळ अल्कोहोल नको. पालकांची संमतीपत्रं आधी घ्या. दिवसाआडच बरं पडेल.

यावलचा_पालक
सगळ्यांचे आभार. काल समिती बसली. खोली मोजली: पुढचे ५ फूट बाईंसाठी सोडून ६-६ फुटांवर खुणा केल्या तर चार रांगा, रांगेत चौघं, म्हणजे १६. दोन खोल्यांत ३२.
दोघांनी दिवसाआड सांगितलं, तरी आम्ही रोज दोन पाळ्या धरतोय. मजुराच्या घरात आज आपल्या पोराचा वार आहे का हे ध्यानात राहत नाही, रोजची वेळ राहते. पहिली-दुसरी ८.३० ते १०.३०, कारण आई-बाप त्याच वेळी शेतात निघतात. मग अर्धा तास खोल्या उघड्या ठेवून बाकं पुसायची. तिसरी-चौथी ११ ते १. एका पाळीत ३१ पोरं, चार नळ, प्रत्येकी ४० सेकंद, साडेपाच मिनिटांत हात धुऊन होतात.
खरेदी: ड्रम ८००, पाइप-नळ १,२००, गन १,५००, साबण-जाळ्या ५००, ब्लीचिंग-बादल्या-फडकी ६००, कापडी मास्क ७० नग १,४००. बरोबर ६,०००.
झरोक्यांचे पत्रे रविवारी काढतोय. जाळीला पैसे उरले नाहीत. केळीच्या बागेतली जुनी शेडनेट कोणाकडे पडली असेल तर सांगा, ताई, ती चालेल ना?

शहाद्याची_ताई
५० टक्के सावलीची चालेल, एकपदरी लावा. दाट असली तर वारा अडतो.