‘भूमिपुत्र’: मलेशियातला आणि आपल्याकडचा

प्रश्न : माझा भाचा क्वालालंपूरजवळ नोकरीला आहे. परवा त्याने एका नव्या इमारतीच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. मजल्याच्या नकाशात काही घरं वेगळ्या रंगात दाखवलेली आणि खाली टीप : ‘बूमी लॉट’. त्याने चौकशी केली तर कळलं, ही घरं ‘बूमिपुत्रा’ गिऱ्हाइकांसाठी राखीव, शिवाय त्यांना किमतीतही सूट. हा आपलाच भूमिपुत्र का? आणि अर्थही तोच का?

उत्तर : शब्द संस्कृतातलाच. मलय भाषेत ‘बूमी’ म्हणजे पृथ्वी, ‘पुत्रा’ म्हणजे मुलगा किंवा राजपुत्र; दोन्ही शब्द तिथे शतकानुशतकं मुरलेले आहेत. संस्कृतात मात्र भूमिपुत्र म्हणजे मंगळ. ग्रहपीडेच्या स्तोत्रातला ‘भूमिपुत्रो महातेजा’ तो हाच. ‘इथला मूळ माणूस’ हा राजकीय अर्थ आधुनिक काळातला आहे. डचांच्या ताब्यातल्या जावात 1912 साली शिक्षकांनी एक विमा संस्था काढली, ती पुढे ‘बूमिपुत्रा’ नावाने ओळखली गेली. डच राज्यकर्ते देशी माणसाला ‘इनलांडर’ म्हणत आणि त्यात हेटाळणी असे. त्या काळात हा शब्द मानाने स्वतःसाठी घेतलेला होता, हे विसरू नये.

मलेशियात त्याचं पुढे काय झालं, ते मात्र नीट पाहायला हवं. मलाया, म्हणजे आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पावरचा भाग, 31 ऑगस्ट 1957 ला स्वतंत्र झाला. त्याच्या राज्यघटनेत ‘बूमिपुत्रा’ हा शब्द नाहीच. कलम 153 मध्ये मलय लोकांच्या ‘विशेष स्थाना’चं रक्षण सांगितलं आहे, 1963 मध्ये मलेशिया झाल्यावर साबा आणि सारावाक या बोर्निओ बेटावरच्या राज्यांचे मूळ रहिवासी त्यात आले. मलय कोण, हे कलम 160 सांगतं : जो इस्लाम मानतो, रोज मलय बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो. (वंशजांबद्दलची एक अटही आहे.) म्हणजे धर्म हा व्याख्येचाच भाग झाला. उलट साबा-सारावाकमधले कदाझान किंवा इबान जमातींतले ख्रिस्ती लोक मलय नसूनही बूमिपुत्रा आहेत. रूढ शब्दाला कायद्याने आखलेली ही हद्द आपल्या ‘भूमिपुत्रा’ला कधीच नव्हती.

शब्दाला धार आली ती 13 मे 1969 च्या दंगलींनंतर. मलय आणि चिनी यांच्यात क्वालालंपुरात रक्तपात झाला. 1971 मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. तेव्हा कंपन्यांच्या भागभांडवलात बूमिपुत्रांचा वाटा 2.4 टक्क्यांच्या आसपास होता, तो 1990 पर्यंत 30 टक्क्यांवर न्यायचं ठरलं. शिक्षण, सरकारी कंत्राटं, शेअर, घरं, सगळीकडे हा शब्द रकाना होऊन बसला. लोकांनी तो बोलताना तोडलाही : ‘बूमी’ आणि ‘नॉन-बूमी’. मला हे तोडणं फार लागतं. पुत्र गळून पडला आणि ‘भूमी नसलेले’ असा एक माणसांचा वर्ग तयार झाला.

प्रश्न : पण मग तिथले आदिवासी? तेच खरे भूमिपुत्र ना?

उत्तर : हा प्रश्न वर्मावरच बोट ठेवणारा आहे. द्वीपकल्पावरच्या आदिवासींना मलयमध्ये ‘ओरांग अस्ली’ म्हणतात. ओरांग म्हणजे माणूस, आणि अस्ली म्हणजे आपलं ‘अस्सल’. दोन्हीच्या मुळाशी अरबी ‘अस्ल’. नावातच ‘अस्सल माणसं’, व्यवहारात गणना बूमिपुत्रांत, पण कलम 153 मध्ये त्यांचा उल्लेख नाही.

शेजारच्या इंडोनेशियाने वेगळी वाट धरली. तिथे याच अर्थाने ‘प्रिबूमी’ चालतो. मे 1998 मध्ये चिनी वंशाच्या लोकांवर भयंकर हल्ले झाले आणि राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले. पुढे त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांनी सरकारी कामकाजात ‘प्रिबूमी’ आणि ‘नॉन-प्रिबूमी’ हे शब्द थांबवायला सांगितलं. लोकांच्या तोंडून शब्द गेला नाही, पण सरकारने तो वापरायचा नाही असं ठरलं.

आणखी एक प्रतिसाद : आपल्याकडेही अर्थ एकच कुठे आहे? वर्तमानपत्रात भूमिपुत्र म्हणजे शेतकरी. मुंबईत साठच्या दशकापासून भूमिपुत्र म्हणजे नोकरीवर पहिला हक्क सांगणारा मराठी माणूस. नवी मुंबई-उरणकडे या, आमच्याकडे भूमिपुत्र म्हणजे सिडकोसाठी जमीन गेलेला आगरी-कोळी. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड परत मिळेपर्यंत त्याची हयात गेली.

उत्तर : अगदी बरोबर, आणि गोव्याचं उदाहरण यात घालायलाच हवं. 2021 मध्ये तिथल्या विधानसभेत ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक मंजूर झालं. त्यात 30 वर्षं राहिलेल्याला भूमिपुत्र म्हटलं होतं. गावडा, कुणबी, वेळीप समाजांतून विरोध उठला : भूमिपुत्र आम्ही, तीस वर्षं राहून तो कोणी कसा होईल? शेवटी मुख्यमंत्र्यांना तो शब्द काढू म्हणून सांगावं लागलं. शब्द कायद्यात येऊ लागला की लोक तो किती बारकाईने तपासतात, ते तेव्हा दिसलं. म्हणून ‘बूमिपुत्रा’चं मराठीत सरळ ‘भूमिपुत्र’ करू नये असं माझं ठाम मत आहे. ‘मलेशियात भूमिपुत्रांना घरात सवलत’ असा मथळा वाचून आपल्या वाचकापुढे शेतकरी उभा राहील, नाही तर प्रकल्पग्रस्त. तिथे ही लोकसंख्येतल्या सुमारे 70 टक्के नागरिकांची सरकारी वर्गवारी आहे. मलय रूप तसंच ठेवावं, ‘बूमिपुत्रा’, आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा द्यावा.

मूळ प्रश्नकर्ता : पटलं. भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. त्याच्या शेजारी एक तमिळ गृहस्थ राहतात. पणजोबा इंग्रजांच्या काळात रबराच्या मळ्यावर चीक काढायला आलेले. यांचा जन्म तिथला, मलय भाषा घरच्यासारखी. भाच्याने त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत तुम्हीही भूमिपुत्र ठरला असता. ते म्हणाले, हा शब्द आमच्या तमिळमध्येही समजतो, अर्जात मात्र आमच्यासाठी ‘इंडियन’ असतं. आता मला सांगा, त्या ‘नॉन-बूमी’ला मराठीत काय लिहायचं? ‘अभूमिपुत्र’ लिहायला माझा हात धजत नाही.

उत्तर : लिहूच नका. ‘चिनी व भारतीय वंशाचे मलेशियन’ लिहा. चार शब्द जास्त लागतात, पण माणसं कोण ते कळतं.