शेवटी २५५ म्हणजे ब्रॉडकास्ट, हे शिकवणं थांबवा

पॅकेटवाला, रामदासपेठ
नागपुरात नेटवर्किंगचा कोर्स करून मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो: १०.२०.६.२५५ हा आयपी पत्ता एखाद्या कॉम्प्युटरला देता येईल का? उत्तर तयार असतं, "नाही सर, शेवटी २५५ आहे, तो ब्रॉडकास्ट." (म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता.) मास्क कोणता, असं उलट विचारणारा क्वचितच भेटतो. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी नेटवर्कचे कोणते आणि त्यातल्या यंत्राचे, म्हणजे होस्टचे, कोणते, हे मास्क सांगतो. तो कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर मुलाचं बरोबर. पण मास्क २५५.२५५.२५२.० असेल तर तिसऱ्या आकड्यातले शेवटचे २ बिट आणि चौथ्यातले सगळे ८, असे १० बिट होस्टच्या वाट्याला येतात. नेटवर्क १०.२०.४.०, ब्रॉडकास्ट १०.२०.७.२५५, आणि मधले १०२२ पत्ते होस्टचे. त्यात ६.२५५ येतो, ५.० सुद्धा येतो.

माझं स्पष्ट मत: आधी बायनरी, मग मास्क, मग अँड (पत्ता आणि मास्क दोन्हीत १ असेल तिथेच १ ठेवायचा). सोप्या युक्त्या त्यानंतर. उलट क्रमाने शिकवलं की मुलं आकडा बघून उत्तर देतात, मास्क बघून नाही.

लॅबसर, नंदनवन
पूर्ण असहमत. माझ्याकडे आयटीआयची मुलं येतात, बी.कॉम. झालेली येतात. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ३२ शून्य-एक मांडले की निम्मा वर्ग मनाने बाहेर जातो. मी २५६ मधून मास्कचा आकडा वजा करायला लावतो. मास्कचा शेवटचा आकडा १९२ असेल तर ६४चे गट: ०, ६४, १२८, १९२. पत्ता १९२.१६८.१०.७७ असेल तर त्याचा गट ६४ला सुरू होतो, पुढचा गट १२८ला सुरू होतो, म्हणून ब्रॉडकास्ट १२७. होस्ट ६५ ते १२६. उत्तर बरोबर येतं की नाही? मग बायनरीचा आग्रह कशाला? या मुलांना पुढे जिथे काम मिळतं त्या छोट्या ऑफिसांत बहुतेक वेळा /२४च असतं, म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे, मास्क २५५.२५५.२५५.०.

पॅकेटवाला, रामदासपेठ
सर, उत्तर बरोबर येतं, पण १२७च का, हे त्या मुलाला सांगता येत नाही. ७७ म्हणजे ०१००११०१. मास्कचा १९२ म्हणजे ११००००००. अँड केलं की उरतं ०१००००००, म्हणजे ६४. मास्कमध्ये जिथे शून्य आहे त्या ६ जागांवर सगळीकडे १ भरले की ०१११११११, म्हणजे १२७. हे एकदा हाताने लिहिलं की 'होस्टचे सगळे बिट १ म्हणजे ब्रॉडकास्ट' हे पाठ करावं लागत नाही.

केबलभाऊ, हिंगणा एमआयडीसी
तुम्ही दोघंही कागदावरच भांडून राहिले. मी फील्डवरचं सांगतो. एका कारखान्यात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर दिसत नव्हता. रेकॉर्डर १९२.१६८.१.१३०, ऑफिसचा कॉम्प्युटर १९२.१६८.१.४०, एकाच स्विचवर दोन्ही. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झाला. शेवटी मास्क पाहिला तर कॉम्प्युटरवर २५५.२५५.२५५.० अन् रेकॉर्डरवर २५५.२५५.२५५.१२८, म्हणजे /२५. कॉम्प्युटरला वाटे १३० आपल्याच घरातला, म्हणून तो थेट पाठवे. रेकॉर्डरला वाटे ४० बाहेरचा, म्हणून तो उत्तर गेटवेकडे (नेटवर्कबाहेर जायच्या दाराकडे) द्यायला पाहे. अन् गेटवे होता .१, म्हणजे तोही त्याच्या हिशेबाने बाहेरचाच! उत्तर जाईल कुठून? पिंग (यंत्र ओ देतं का, ही चाचणी) काहून येत नाही, हे गटांचं पाढं म्हणून नाही समजत ना भाऊ.

पॅकेटवाला, रामदासपेठ
केबलभाऊंचा मुद्दा लाखमोलाचा आहे. आयपीच्या हेडरमध्ये मास्क पाठवलाच जात नाही. प्रत्येक यंत्र आपापल्या मास्कने ठरवतं की आपलं नेटवर्क कुठे संपतं. याच उदाहरणात १९२.१६८.१.१२७ घ्या. कॉम्प्युटर .४०चा मास्क /२५ असता तर त्याला तो ब्रॉडकास्ट. त्यावर काही पाठवलं तर फ्रेम (तारेवरून जाणारा डेटाचा तुकडा) स्विचवरच्या सगळ्यांकडे जाते. /२४च्या यंत्राला तोच पत्ता एक साधा होस्ट. म्हणजे ब्रॉडकास्ट असणं हा त्या आकड्याचा गुणच नाही.

तिसरं वर्ष, प्रतापनगर
मी विद्यार्थिनी आहे. सरांची बाजू थोडी घेते. मला सबनेटिंग (नेटवर्कचे असे गट पाडणं) पहिल्यांदा गटांच्या पद्धतीनेच कळलं, बायनरी नंतर पटलं. आधी चार गणितं सुटली की धीर येतो, हे शिकवणाऱ्यांनी हलक्यात घेऊ नये. एक शंका: नेटवर्कचा पत्ता कुणाला का देत नाहीत? ब्रॉडकास्ट समजलं, पण सगळे शून्यवाला पत्ता वाया का घालवायचा?

जुना युनिक्सवाला, धरमपेठ
ताई, प्रश्न योग्य आहे. सगळे शून्य म्हणजे 'हे नेटवर्क' असा अर्थ ठरलेला आहे, हे एक कारण. दुसरं असं की ४.२ बीएसडी या जुन्या युनिक्समध्ये ब्रॉडकास्टसाठी होस्टचे सगळे बिट शून्य वापरत. सगळे १ हा संकेत नंतर पक्का झाला. जुन्या यंत्रांशी गोंधळ नको म्हणून दोन्ही टोकं सोडून दिली गेली. सबनेट मास्कची रीत आरएफसी ९५० ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) १९८५ साली ठरवून दिली.

पण 'वजा २' हा काही निसर्गनियम नाही. दोन राउटरमधल्या थेट जोडणीला /३१ देता येतो. होस्टसाठी एकच बिट, पत्ते दोन, आणि दोन्ही वापरायचे. २००० सालच्या आरएफसी ३०२१ ने ते मान्य केलं. दोनच टोकं असताना ब्रॉडकास्ट हवा कुणाला?

लॅबसर, नंदनवन
पुढे तर आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) आहे, त्यात ब्रॉडकास्टच नाही, मल्टिकास्टवर (ठरावीक गटालाच पाठवण्यावर) काम चालतं. मग या गोष्टीवर किती जीव टाकायचा?

जुना युनिक्सवाला, धरमपेठ
तिथे मास्क नाही, पण प्रिफिक्सची लांबी आहेच. /६४ म्हणजे पहिले ६४ बिट नेटवर्कचे. बिट कुठे तोडायचे, हा प्रश्न तिथेही तोच आहे.

लॅबसर, नंदनवन
क्रम मी बदलणार नाही. आधी गट, मग बायनरी, माझ्या मुलांना हेच झेपतं. ताईंनी म्हटलं तसा धीर हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. पण मास्क न देता पत्त्यावर प्रश्न विचारायचा नाही, एवढं पॅकेटवाल्यांचं मला मान्य.

पॅकेटवाला, रामदासपेठ
मग सर, गटांच्याच पद्धतीने हा द्या बॅचला: १७२.१६.४३.२५५, मास्क २५५.२५५.२४८.०. होस्ट की ब्रॉडकास्ट?

तिसरं वर्ष, प्रतापनगर
२५६ मधून २४८ गेले, ८ उरले. तिसऱ्या आकड्यात ४० ते ४७चा गट. नेटवर्क ४०.०, ब्रॉडकास्ट ४७.२५५. म्हणून ४३.२५५ होस्ट. बायनरीने ताळा केला, ४३ म्हणजे ००१०१०११, पहिले ५ बिट ठेवले की ४०च येतात.