नराराचे कोरल आणि मालवणचे कोरल नातेवाईक असतात का?

रावपुरा_आई

लोकहो, मुलाने एक प्रश्न विचारलाय आणि माझी बोलती बंद झालीये. मागच्या शनिवारी आम्ही बडोद्याहून जामनगरला गेलो आणि तिथून कच्छच्या आखातातल्या नराराला. टूरवाल्याने ओहोटीची वेळ चुकीची सांगितली, पोचलो तेव्हा पाणी परत चढायला लागलेलं, पैसे मात्र पूर्ण घेतले, ते जाऊ दे. तरी तासभर मिळाला. गुडघाभर पाण्यातून चालायचं, पायाखाली टोचणारा खडक नाहीतर चिखल, गाइड पुढे काठीने चाचपत चाललेला. ऑक्टोपस दिसला, आमच्या डोळ्यांदेखत दगडाच्या रंगाचा झाला, माझ्या नवऱ्याला तर शेवटपर्यंत दिसलाच नाही.

मग एका डबक्यात कोरल. नारळाएवढा गोल, वर मेंदूसारख्या वळ्या, हिरवट तपकिरी, आणि सगळ्यावर गाळाचा पातळ थर. गाइडने वरचं पाणी हाताने नुसतं हलवलं तसा गाळ उडाला आणि खालची नक्षी दिसली. पोरगा सातवीत आहे, दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मालवणला स्नॉर्केलिंग केलेलं त्याने. तो म्हणे, आई हा तर मालवणवालाच आहे ने, मग हे दोघं नातेवाईक का? हा चिकटून बसलेला, तो चिकटून बसलेला, मग ह्याचे आजोबा इकडे आले कसे?

आणि माझा जोडप्रश्न. नराराचे सगळे मेले तर मालवणहून परत येतील का?

(त्याने खिशात एक मेलेला तुकडा टाकला होता, गाइडने बाहेर काढून ठेवायला लावला. बरोबरच आहे पण घरी येईपर्यंत तोंड फुगलेलं.)

दांडियाबाजार_काका

यात काय एवढं. समुद्राला भिंत असते का? अरबी समुद्र एकच, पाणी फिरतं, अंडी फिरतात, सगळं एकमेकांत मिसळलेलं असणार. नातेवाईकच समजा. मुलाला सांगा हो म्हणून, खूश होईल.

पाण्याबाहेरचा_मासा

काका तसं नाहीये, भिंत दिसत नाही म्हणून नसते असं नाही. मी झूऑलॉजीवाला आहे, समुद्र नसलेल्या गावात राहून समुद्राचा अभ्यास करतो, हसू नका.

आधी आजोबा आले कसे ते. मोठा कोरल हलत नाही पण त्याची पिल्लं हलतात. बरेच कोरल अंडी आणि शुक्रपेशी सरळ पाण्यात सोडतात, फलन बाहेरच होतं आणि त्यातून प्लॅनुला नावाची बारीक अळी बनते, ती प्रवाहाबरोबर तरंगत जाते. साधारण चार-पाच दिवसांनी ती खडकाला चिकटायला तयार होते, जागा नाही मिळाली तर काही जातींत कित्येक आठवडे जगते. दुसरे काही कोरल पिल्लू पोटातच वाढवतात आणि तयार झालं की सोडतात, ते बहुतेक वेळा काही तासांत, आसपासच बसतं. म्हणजे ताई, कोणती जात आहे यावर अर्धं उत्तर अवलंबून.

आता हिशोब करा. मालवण ते नरारा सरळ रेषेत ८०० किमीच्या आसपास. प्रवाहाने दिवसाला १५-२० किमी नेलं असं धरलं तरी ४० ते ५० दिवस लागतात, आणि तेही रस्ता न चुकता. त्यात आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाह वर्षभर एका दिशेचा नाही, पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे मालवणच्या कोरलने जूनमध्ये अंडी सोडली तर पिल्लं गोव्याकडे निघाली. मधे खंभातचं आखात, तिथे मही, नर्मदा, तापी आणि आपली विश्वामित्रीसुद्धा (ढाढर नदीतून का होईना) गाळ आणून ओतते, तिथे कोरलला बसायला स्वच्छ खडकच मिळत नाही. ही तुमची भिंत.

आणि एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. कच्छचं आखात सरासरी ३० मीटर खोल आहे, म्हणजे तेव्हा ते चक्क कोरडं होतं. नराराला तुम्ही जिथे उभ्या होतात तिथे समुद्रच नव्हता. त्यामुळे तिथल्या प्रत्येक कोरलचे पूर्वज नंतर कधीतरी बाहेरून आलेत, यात वाद नाही. मालवणकडून, लक्षद्वीपकडून की ओमान-इराणच्या बाजूने, हा खरा प्रश्न, आणि तो नुसतं बघून सुटत नाही.

दिसण्यावर तर अजिबात जाऊ नका. स्टायलोफोरा पिस्टिलाटा नावाचा एक कोरल आहे, लाल समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत सगळा एकच समजायचे, डीएनए बघितल्यावर त्यात चार वेगळ्या शाखा निघाल्या. उलट एकाच जातीचा कोरल गढूळ पाण्यात आणि स्वच्छ पाण्यात वेगळ्या आकाराचा वाढतो.

रावपुरा_आई

बापरे कोरडं होतं हे आत्ता मोठ्याने वाचून दाखवलं, तो म्हणतोय मग तिथे प्राणी फिरत असतील का 😄 पण मग डीएनए करून टाकायचा ना, त्यात काय अडचण?

पाण्याबाहेरचा_मासा

करतात, पण कोरल त्रास देतो. त्याच्या अंगात शेवाळ राहतं, एका चौरस सेंटीमीटरला १० लाखांच्या घरात पेशी, त्यामुळे तुकडा घेतला की दोघांचा डीएनए एकत्र येतो आणि तुम्ही कोरलचा म्हणून शेवाळाचाच वाचत बसता. दुसरं म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा) डीएनए, जो बहुतेक प्राण्यांत भराभर बदलतो म्हणून नाती शोधायला वापरतात, तो कोरलमध्ये अतिशय सावकाश बदलतो. त्यावर विसंबलात तर सगळेच भाऊ-भाऊ निघतात. म्हणून पेशीच्या केंद्रातल्या डीएनएच्या हजारो जागा तपासाव्या लागतात. शिवाय २००१ पासून सगळे दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहेत, वाघाच्या पंगतीत, त्यामुळे बोटभर तुकड्यालाही परवानगी लागते. तुमच्या गाइडने खिसा रिकामा करायला लावला तो त्यामुळेच.

सासर_बडोदा

मी बायोलॉजीवाली नाही, बँकेत आहे, पण ताईंचा दुसरा प्रश्न मासेभाऊंनी सोडूनच दिला. यावर मी पूर्वी एक भाषण ऐकलंय ते माझ्या भाषेत सांगते.

आमच्या सासरी गायकवाडांच्या काळापासून मराठी बोलतात. घराबाहेर सगळं गुजराती, तरी मराठी टिकली, का, तर दर पिढीला एखादी सून पुण्याहून नाहीतर कोल्हापूरहून येते. या पिढीत ती मी. मी आल्यावर सासूबाईंनी «खोली साफ मार» म्हणायचं कमी केलं (पूर्ण नाही). म्हणजे एका पिढीला एक माणूस आलं तरी दोन्हीकडची भाषा फार लांब जात नाही. सिव्हॉल राइट नावाच्या शास्त्रज्ञाचं गणित हेच सांगतं म्हणे, पिढीला एक पाहुणा आला आणि त्याची मुलंबाळं झाली तरी दोन समूह जनुकांनी फार वेगळे पडत नाहीत, आणि समूह लहान असो की मोठा, आकडा साधारण तोच.

पण उद्या आमची अख्खी गल्ली रिकामी झाली तर? एक सून येऊन गल्ली भरेल का? तिला शेवउसळ खायला सोबतसुद्धा मिळायची नाही. तसंच कोरलचं. डीएनएत मालवण आणि नरारा एकसारखे निघाले तरी त्याचा अर्थ एवढाच की हजारो वर्षांत अधूनमधून कोणीतरी येतंय. मेलेला रीफ (कोरलची अख्खी वस्ती) परत भरायला दरवर्षी ढीगभर पिल्लं यावी लागतात. ती बहुतेक शेजारच्याच बेटावरून येणार, पिरोटनवरून वगैरे.

पाण्याबाहेरचा_मासा

वहिनी, आमच्या सरांना हे सेमिस्टरभर समजावता आलं नाही 🙏 शेजारचीच पिल्लं हे माशांतही दिसलंय. १९९९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड आयलंडवर एका छोट्या रीफ माशाच्या एक कोटीच्या आसपास भ्रूणांना रंगाची खूण केली होती. ती खूण पिल्लाच्या कानातल्या खड्यात राहते. नंतर पिल्लं पकडून खडे तपासले तर अंदाज निघाला की १५ ते ६० टक्के पिल्लं घरच्याच रीफवर परत येत असावीत. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं की ती समुद्रभर उधळतात, काकांसारखं.

दांडियाबाजार_काका

बरं बाबा हरलो. पण जे स्वतः पोहतात ते तरी मिसळत असतील? व्हेलला कोण अडवणार?

पाण्याबाहेरचा_मासा

दोन्ही प्रकार आहेत काका. व्हेल शार्क, वेरावळची «व्हाली», ती हिंदी महासागर आणि पॅसिफिकमध्ये जवळपास एकच कुळ निघाली, वेगळी पडली ती अटलांटिकची. पण अरबी समुद्रातला हंपबॅक व्हेल बघा. बाकीचे हंपबॅक हजारो किमी ये-जा करतात, हे मात्र वर्षभर इथेच राहतात, आणि डीएनएवरून अंदाज आहे की ७०,००० वर्षांच्या आसपास ते इतरांपासून वेगळे पडलेत. ओमानजवळ मोजले तेव्हा शंभरही भरले नाहीत. भिंत पाण्यात नव्हती, सवयीत होती.

मालवणी_डायवर

मासेभाऊ, मालवण ते नरारा एका उडीत कशाला धरताय? मधे थांबे आहेत. विजयदुर्गपासून १०० किमीवर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखालचं पठार, माथा २० मीटरवर, वर कोरल. मुंबईत हाजीअलीच्या खडकांवरसुद्धा छोटे कोरल आहेत, कोस्टल रोडच्या कामात काही उचलून दुसरीकडे लावले होते. एका पिढीत मुंबई, पुढच्या पिढीत अजून वर, असं टप्प्याटप्प्याने नाही का जमणार?

पाण्याबाहेरचा_मासा

जमू शकतं, मुद्दा मान्य. मी ५० दिवसांचा हिशोब एकाच पिल्लाचा केला, तो चुकलाच. फक्त मुंबई ते सौराष्ट्र हा टप्पा गाळामुळे अवघड राहतोच. आणि पोचलेलं पिल्लू जगलं पाहिजे ना. नराराचं पाणी जास्त खारट, गढूळ, हिवाळ्यात चांगलंच गार, ओहोटीला वर ऊन. जे पिढ्यान्पिढ्या तिथे टिकलेत ते त्यात मुरलेले, आंग्रियाच्या निळ्याशार पाण्यातून आलेला पाहुणा तिथे किती टिकेल?

रावपुरा_आई

सगळ्यांचे आभार. चिरंजीवांनी निकाल दिलाय की ते «लांबचे चुलत, लग्नकार्याला पण भेटत नाहीत असले» नातेवाईक आहेत. आता त्याला आंग्रिया बँकला जायचंय. डायवरदादा, लहान मुलांना नेतात का तिकडे?

मालवणी_डायवर

नाही हो ताई, सातवीतल्या पोराला नाही. आधी पोहायला घाला. आणि परत नराराला गेलात तर भरती-ओहोटीचं कोष्टक स्वतः बघून जा, टूरवाल्यावर राहू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी पकडा, पाणी जास्त लांब जातं.

सासर_बडोदा

आणि जुने बूट न्या, चपला चिखलात राहतात. माझी एक अजून तिथेच आहे.