विषय: दूरच्या सहकाऱ्यांसाठी चॅट आणि कॉल – पैसे कशावर खर्च करावेत?

नमस्कार मंडळी,

कामाबद्दलचा प्रश्न आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे सहकारी देशोदेशी पसरलेले आहेत, म्हणून इथे विचारते.

आम्ही बारा जण हिशेब आणि करसल्ल्याचं काम करतो, चार वेगवेगळ्या टाइमझोनमधून. आतापर्यंत सगळं व्हॉट्सॲप ग्रुप आणि झूमवर भागलं. आता कामं वाढली आहेत. गेल्या महिन्यात एखाद्या अशिलाबद्दल काय ठरलं होतं, ते शोधायला ग्रुपवर वर-वर स्क्रोल करत बसावं लागतं. झूमच्या फुकट खात्यात ४० मिनिटं झाली की मीटिंग संपते, त्यामुळे आधी कॉलसाठी पैसे भरावेत असं बहुतेकांचं म्हणणं आहे. सध्या एकाच गोष्टीवर खर्च करता येईल. कशावर करू?

– सदस्या, हिशेब आणि करसल्ला

---

ताई,

चॅटवर करा.

चार टाइमझोन म्हटल्यावर सगळे एकाच वेळी कामावर असतात असे तास थोडेच. बाकीचं काम एकाने लिहून ठेवायचं आणि दुसऱ्याने उठल्यावर वाचायचं, असंच चालतं. तुमचं ऑफिस त्या लिखाणातच, म्हणजे चॅटमध्येच आहे. शिवाय कॉलचं साधन बदललं तर नुसती लिंक बदलते. चॅट बदललं तर वर्षानुवर्षांचं लिखाण मागे राहतं. आणि साधनं बंद पडतात, मोठ्या कंपन्यांचीसुद्धा: २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, गूगलचं हँगआउट्स २०२२ मध्ये. म्हणून कुठलंही चॅट घेण्याआधी त्यातलं सगळं लिखाण बाहेर काढून घेता येतं का, हे पाहा.

तुमची मुख्य अडचण जुनं सापडत नाही ही आहे. त्यामुळे स्लॅक या ऑफिसच्या चॅटचं फुकट खातं तुमच्या कामाचं नाही. त्यात शेवटच्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात आणि वर्षापेक्षा जुने कायमचे पुसले जातात. करसल्ल्यात मागच्या वर्षीचं तर रोजच लागतं. पैसे भरून घेतलं तर स्लॅक चांगलं आहे.

झुलिप नावाचं चॅट जरूर बघा. त्यात चॅनेलच्या (म्हणजे ग्रुपसारख्या कप्प्याच्या) आत प्रत्येक मेसेज एखाद्या विषयाखाली जातो. एका अशिलाचं चॅनेल, त्यात ‘वार्षिक विवरण’, ‘नोटिशीला उत्तर’ असे विषय. सकाळी उठल्यावर रात्रभरात आलेले शे-दीडशे मेसेज वाचायचे नसतात. आपला विषय उघडायचा, बाकीचं सोडून द्यायचं. मला हा गुण बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोठा वाटतो. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येतं. मॅटरमोस्ट हे चॅटही तसं चालवता येतं. पण अपडेट आणि बॅकअप सांभाळणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरच्या वाटेला जाऊ नका.

त्याआधी एक तपासा. ईमेलसाठी गूगल वर्कस्पेसचे पैसे भरत असाल, तर गूगलचं चॅट आणि कॉलसाठीचं मीट त्यातच येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर तुमच्या योजनेत टीम्स (त्यांचं चॅट आणि कॉलचं साधन) आहे का ते पाहा. हल्ली सगळ्याच योजनांत ते नसतं.

आणि अशिलांची कागदपत्रं व्हॉट्सॲपवरून आधी काढा. ते एन्क्रिप्टेड आहे, प्रश्न तो नाही. माणूस नोकरी सोडून गेला तरी कागद त्याच्या खासगी फोनमध्ये राहतात. ऑफिसच्या खात्यात त्याचं लॉगिन निदान बंद तरी करता येतं.

– सदस्य, सॉफ्टवेअर

---

दादांशी चॅटबद्दल सहमत आहे. पण कॉल म्हणजे नुसती लिंक, हे मला पटत नाही.

नवीन आलेला माणूस लिहून विचारायला बिचकतो. दोन मिनिटं बोलल्यावर त्याचं अडलेलं काम पुढे सरकतं. मी दूरवरून शिकवते, त्यामुळे हे रोज बघते. आवाज तुटत असेल तर असा माणूस विचारणंच सोडून देतो.

इथे पैशांपेक्षा लक्ष द्यावं लागतं. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर बोलणं सहज होतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस तीच आहे, आणि ४०० ही वरची मर्यादा. त्यापलीकडे माणसं एकमेकांच्या बोलण्यात शिरायला लागतात. फायबरमधून दहा हजार किलोमीटर जायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोष नेहमी अंतराचा नसतो. तो पुष्कळदा घरातल्या वायफायचा आणि ब्लूटूथ हेडफोनचा असतो. राउटरला केबल जोडा, तारेचे हेडफोन वापरा. नेट कमजोर असेल तेव्हा व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा पुरतात.

फुकटात हवं असेल तर गूगल मीट आणि टीम्स, दोन्हींवर गटाचा कॉल ६० मिनिटं चालतो. जित्सी हे कॉलचं साधनही आहे, त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर मीटिंगची खोली उघडणाऱ्याला मात्र २०२३ पासून लॉगिन करावं लागतं. आणि बारा जणांच्या मीटिंगला तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर त्यातलं बरंचसं आधी लिहून कळवता आलं असतं.

एक विसरू नका. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशात इंटरनेटवरच्या कॉलवर बंधनं आहेत, व्हॉट्सॲपचे कॉल तिथे लागत नाहीत. कोण कुठल्या देशात आहे ते पाहूनच साधन ठरवा.

– सदस्या, ऑनलाइन शिकवणी

---

दोघांचे मनापासून आभार. आमच्याकडे गूगल वर्कस्पेस आहेच, म्हणजे कॉलचा प्रश्न मीटवर मिटला. झुलिप चार जणांत सुरू करून बघते. पण कॉलवर ठरलेलं चॅटमध्ये येणार कसं? लोक व्हॉट्सॲपवर परत जातील अशी भीती वाटते.

---

ताई, प्रत्येक कॉल सुरू होतानाच लिहिणारा एक माणूस ठरवा, आळीपाळीने. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच त्याने त्याच दिवशी त्या विषयाखाली टाकायचं. तिथे लिहिलेलं नाही ते ठरलेलं नाही, असा नियम करा आणि पहिला महिनाभर तुम्ही स्वतः तो कडक पाळा. व्हॉट्सॲप बंद करू नका. ‘पाच मिनिटं उशीर होतोय’ यासाठी ते ठीक आहे.

कॉलची वेळ मेसेजमध्ये लिहून कळवू नका, कॅलेंडरचं आमंत्रण पाठवा. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी, आणि भारतातली बदलतच नाहीत. मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांचा गोंधळ उडतो. आमंत्रण कोणत्या टाइमझोनचं धरायचं, तेवढं आधी ठरवून घ्या.

– सदस्य, सॉफ्टवेअर