वस्तीजवळ पवनचक्क्या येणार आहेत, सुनावणीत नेमकं काय विचारू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीलगतच्या माळावर पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव आलाय आणि लवकरच जाहीर सुनावणी आहे. पवनऊर्जेला माझा विरोध नाही. कोळसा जाळण्यापेक्षा हे कधीही बरं. पण ज्यांच्या जमिनी भाड्याने जाणार ते एकीकडे आणि ज्यांच्या वाट्याला नुसता शेजार येणार ते दुसरीकडे, असे सरळ दोन तट पडलेत. रोज फोनवर नवा निरोप फिरतो आणि माणसं आणखी धास्तावतात. खरी भीती कोणती आणि ऐकीव कोणती, एवढं मला सुनावणीआधी कळायला हवं.

सगळ्यात मोठी काळजी आवाजाची आहे. माहितीपत्रकात एकच सरासरी आकडा छापलाय. तो कुठे, कधी, किती वाऱ्यात मोजला याचा पत्ता नाही. माझी आई वयस्कर आहे, तिची झोप आधीच सावध. त्यात 'इन्फ्रासाउंडने', म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या फार खालच्या पट्टीतल्या आवाजाने, 'हृदयविकार होतो' असं कोणीतरी पसरवलंय. यात तथ्य आहे का?

दुसरं, घरावर फिरणाऱ्या पात्यांची सावली पडून उजेड सतत लुकलुकतो म्हणतात. त्यावर काही उपाय असतो का? आणि वीस-पंचवीस वर्षांनी यंत्रं थकली की ती काढणार कोण?

घर आणि पवनचक्की यांच्यात किती अंतर असावं, हेही कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

आधी इन्फ्रासाउंडबद्दल, कारण त्याचीच भीती जास्त पसरते. फिनलंडमध्ये यावर सरकारी खर्चाने अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लोक सांगत होते त्या त्रासाचं कारण इन्फ्रासाउंड आहे, असं त्यात आढळलं नाही. आईंना तेवढं निर्धास्तपणे सांगा.

ऐकू येणाऱ्या आवाजाची तक्रार मात्र खरी असते. कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या २०१४ च्या पाहणीत आजारपणाशी संबंध दिसला नाही, पण आवाज वाढला तसा वैताग वाढलेला दिसला. पाती फिरताना येणारा तालबद्ध 'सूं-सूं' आवाज एकसुरी आवाजापेक्षा जास्त खुपतो. शिवाय रात्री जमिनीलगत वारा पडतो आणि शंभरेक मीटरवर तो वाहतच असतो. खाली पान हलत नाही, वर पाती जोरात. मग आवाज झाकायला दुसरं काही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली, पण ती दिवस, संध्याकाळ, रात्र मिळून काढलेली सरासरी आहे. म्हणून रात्रीचा, तुमच्या घराच्या भिंतीपाशी येणारा अंदाजित आकडा मागा. आणि बांधकामाआधीची मोजणी आताच करून घ्या, नंतर तुलनेला काहीच राहणार नाही.

सावलीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. जर्मनीत वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं ही मर्यादा धरतात. त्यापुढे यंत्र आपोआप थांबवता येतं.

प्रतिसाद २

अंतराचा सगळीकडे चालणारा एकच आकडा नाही. डेन्मार्कमध्ये पवनचक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट अंतर लागतं. पोलंडने २०१६ मध्ये उंचीच्या दहापट ठरवलं होतं, २०२३ मध्ये किमान ७०० मीटरवर आणलं. मीटरपेक्षा उंची किती हे आधी विचारा. आजची यंत्रं पात्याच्या टोकापर्यंत सहज दीडशे-दोनशे मीटर जातात.

मोडणीचा मुद्दा अजिबात सोडू नका. मनोऱ्याचं पोलाद भंगारात विकलं जातं, पण पाती काचतंतू आणि रेझिनची असतात, त्यांचा पुनर्वापर कठीण. पायाचं काँक्रीटही बऱ्याचदा जमिनीतच राहतं. प्रकल्प मध्येच दुसऱ्या कंपनीला विकला तर जबाबदारी कोणाची? त्या खर्चाची अनामत रक्कम सुरुवातीलाच वेगळी ठेवायला लावा. तोंडी आश्वासनावर राहू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रात्रीच्या वाऱ्याचा मुद्दा इथे कोणाच्याच डोक्यात नव्हता. सुनावणीआधी लेखी प्रश्न देता येतात, तेव्हा मोजणी आणि अनामत हे दोन सर्वांत वर घालते. आता एकच विचारते: आधीची मोजणी कंपनीच्याच माणसाकडून झाली तर लोक विश्वास ठेवणार नाहीत. त्रयस्थाकडून करून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? खर्च कोणी उचलला?