काळ्या डायवरून तपकिरीकडे: चाळिशीनंतर थंडीसाठी कोणता रंग?

ऋतुजा_नाशिक

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न झालं की घरात लागोपाठ दोन कार्यं आहेत, त्याआधी केसांचं काय ते ठरवायचंय. वय ४६. केस दाट, सरळ, खांद्याच्या खाली चार बोटं. भांग आणि दोन्ही कानशिलं मिळून निम्मे पांढरे, मागच्या बाजूला अगदी तुरळक. आजवर दर महिन्याला दुकानातला 'नॅचरल ब्लॅक' डाय मुळापासून टोकापर्यंत लावत आले. तो ठार काळा रंग आता चेहऱ्याला जड वाटतो, आणि पंधरा दिवसांत भांगात पांढरी रेघ दिसायला लागते. थंडीत शोभेल असा उबदार रंग हवाय: चॉकलेट, चेस्टनट किंवा बर्गंडी. घरच्या घरी काळ्यावर तपकिरी लावला तर चढेल का? घरी बोअरचं पाणी आहे आणि थंडीत केस राठ होतात, तेही लक्षात घेऊन सांगा. मेंदीचा पर्यायही चालेल.

स्मिता_केशरचना

ऋतुजाताई, काळ्या डायवर तपकिरी डाय चढत नाही. डायने डाय उजळत नाही, हा या कामातला पहिला नियम. आज तपकिरी लावलात तर मुळांचे पांढरे केस लगेच तपकिरी होतील, खालची सगळी लांबी काळीच राहील आणि डोक्यावर दोन रंगांचे पट्टे दिसतील. म्हणून मुळं आणि लांबी यांचा विचार वेगवेगळा करायचा.

ट्यूबवरचा नंबर वाचायला शिका, निम्मं काम सोपं होतं. पहिला आकडा खोलीचा, म्हणजे रंग किती गडद त्याचा: १ काळा, ३ गडद तपकिरी, ५ फिका तपकिरी, आणि १० सर्वांत फिका. बिंदूनंतरचा आकडा झाकीचा. बऱ्याच कंपन्यांत .१ राखी, .३ सोनेरी, .५ महोगनी, काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा शेड कार्ड बघूनच घ्या. आपल्याकडचे केस मुळात १ ते ३ मध्ये बसतात. ५ नंबर पांढऱ्या केसावर ५च दिसतो, पण तोच नैसर्गिक काळ्यावर जेमतेम ३-४ पर्यंत पोचतो. तुमचे पांढरे केस सगळे पुढे आहेत, म्हणजे ५ लावला की पुढचा भाग उजळ आणि मागचा गडद असा फरक उठून दिसेल. तुम्ही ४ वर राहा. ४ म्हणजे उन्हात तपकिरी आणि घरात काळपट. तो तुमच्या काळ्या लांबीशीही बऱ्यापैकी जुळतो.

मुळांसाठी माप: ४.० ची २० ग्रॅम, ४.३५ किंवा तसाच चॉकलेट शेड २० ग्रॅम, आणि ६ टक्क्यांचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (ट्यूबमध्ये मिसळायचं पेरॉक्साईड) ६० मिलि. काही ट्यूबना डेव्हलपर दीडपट लागतो, काहींना समान; खोक्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. निम्मा '.०' शेड अजिबात वगळू नका. नुसता सोनेरी किंवा लाल शेड पांढऱ्या केसावर पारदर्शक बसतो, मग ते केस नारिंगी किंवा गुलाबी चमकतात. पांढरा केस झाकायला नैसर्गिक शेडचा पाया लागतोच.

वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या, धातूची नको. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन लावा. केस आदल्या दिवशी धुतलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. सुरुवात कानशिलांपासून, कारण तिथला पांढरा केस सर्वांत हट्टी. अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ बटा काढत रंग भरपूर थापा, चोपडून पुसल्यासारखा लावू नका. ३५ ते ४० मिनिटं मोजायची ती शेवटची बट लावून झाल्यावर. नाशिकच्या थंडीत सकाळी सातला गार बाथरूममध्ये लावलात तर रंगाची क्रिया मंदावते आणि पांढरे अर्धवट राहतात. दुपारी लावा आणि वर शॉवर कॅप घाला. उरलेलं मिश्रण टाकून द्या. बंद बाटलीत ठेवलं तर वायू साठून बाटली फुटू शकते.

लांबीला यातलं काहीही लावायचं नाही. काळ्याचा जडपणा मोडायचा असेल तर पार्लरमध्ये चेहऱ्याभोवती आणि वरच्या थरात अगदी बारीक हायलाईट, म्हणजे ब्लीचने उजळलेल्या बटा, करून घ्या. काळा डाय ब्लीचने उतरताना आधी लालसर, मग नारिंगी होतो. त्या नारिंगीवर राखी झाकीचा टोनर (उजळलेल्या केसाची झाक बदलणारा सौम्य रंग) दिला की कॅरॅमल मिळतो, कारण राखीतला निळा नारिंगीला मारतो. एका बैठकीत पूर्ण डोकं उजळून मागू नका. अनेक वर्षांचा डाय टोकांवर थरावर थर बसलेला असतो. मुळाजवळ चटकन उतरतो आणि टोकाला अडतो.

मेंदी_नीळ

रासायनिक नको असेल तर मेंदी आणि नीळ (इंडिगोच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे) या जोडीने चांगला चेस्टनट मिळतो. नुसत्या मेंदीने पांढरे केस भगवे होतात, तिथेच बहुतेकजणी सोडून देतात.

तुमच्या लांबीला १०० ग्रॅम मेंदी. कोमट पाण्यात दह्यासारखी घट्ट भिजवा. उन्हाळ्यात तीन-चार तासांत रंग सुटतो, थंडीत रात्रभर ठेवावी लागते. वरचा थर तपकिरी आणि आतून हिरवी दिसली की तयार झाली. धुतलेल्या, तेल नसलेल्या केसांवर दीड ते दोन तास ठेवून नुसत्या पाण्याने धुवा. मग निळीची पूड १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि कोमट पाणी. दहा-पंधरा मिनिटांत पृष्ठभागावर निळसर-काळी साय धरली पाहिजे. ती धरली नाही तर पूड जुनी आहे, लावून उपयोग नाही. नीळ भिजवल्यावर लगेच वापरायची, ती मेंदीसारखी थांबत नाही. तपकिरी हवा असेल तर २० ते ३० मिनिटं, काळा हवा असेल तर तासभर. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका, दोन दिवसांत हवेने रंग गडद होतो. ते दोन दिवस शॅम्पू आणि तेल दोन्ही टाळा.

थंडीत ओली मेंदी डोक्यावर घेऊन बसल्याने हुडहुडी भरते. भर दुपारी उन्हाला पाठ करून बसा, प्लास्टिकची टोपी घाला.

मात्र आधी रस्ता ठरवा. निळीवर पुढे ब्लीच केलं तर केस हिरवट होऊ शकतात. 'काळी मेंदी' नावाच्या पुड्यांत बहुधा पीपीडी हा रासायनिक डायच असतो, काहींत धातूचे क्षार. घटकांच्या यादीत मेंदी आणि नीळ यांखेरीज काही असेल तर ते पाकीट दुकानातच ठेवा. लोखंडी कढईत भिजवलेली मेंदीसुद्धा पेरॉक्साईडच्या डायआधी नको.

रुपेरी_बट

पांढरं झाकायचंच, असं धरून सगळे बोलताहेत. मला वाटतं निम्मे पांढरे असताना ते रंगसंगतीत मिसळणं जास्त शहाणपणाचं, कारण केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मुळाशी जितका गडद आणि एकसारखा रंग, तितकी पांढरी रेघ लवकर दिसणार. तुमची तक्रार मुळात तीच आहे.

त्यासाठी डेमी-परमनंट रंग मिळतो. त्याचा डेव्हलपर सौम्य, ३ टक्के किंवा त्याहूनही कमी. वेळ साधारण २० मिनिटं. तो पांढऱ्या केसावर तपकिरीची पातळ झाक बसवतो, पूर्ण झाकत नाही. पांढरे केस मग हायलाईटसारखे दिसतात. वीसेक धुण्यांत हळूहळू फिका पडतो, त्यामुळे कडक रेघ उमटत नाही. निम्म्याहून जास्त पांढरे झाल्यावर मात्र तो पुरत नाही. भांगही सरळ मधोमध काढू नका. थोडा तिरपा किंवा नागमोडी काढला की रेघ निम्मी लपते.

ऋतुजा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. मेंदी बाजूला ठेवते, पुढे हायलाईट करायचे आहेत. मुळांना ४.० आणि चॉकलेट, लांबी तशीच, आणि चेहऱ्याभोवती बारीक बटा. त्या बटांमध्ये कॅरॅमलऐवजी बर्गंडी घेतली तर? आणि कार्याच्या किती दिवस आधी करू?

स्मिता_केशरचना

बर्गंडी सावळ्या आणि गव्हाळ रंगावर फार खुलते, मरून किंवा जांभळ्या पैठणीसोबत तर विशेष. पण लाल कुळातला रंग सर्वांत लवकर उडतो. तीन-चार आठवड्यांत बर्गंडीचा तांबूस विटकरी होतो. रंग टिकवायला दर महिन्याला टोनर करणार असाल तर घ्या, नाहीतर कॅरॅमल बरा, तो उतरतानाही वाईट दिसत नाही. बर्गंडीसाठी केस फार उजळावेही लागत नाहीत. काळ्याचा लालसर-नारिंगी झाला की पुरे, त्यामुळे केसाला इजा कमी.

हायलाईट तीन आठवडे आधी, म्हणजे टोनर बदलावासा वाटला तर वेळ हाताशी राहतो. मुळं कार्याच्या सहा-सात दिवस आधी. त्यात दोनदा धुऊन होतं, कपाळावरचा डाग जातो आणि रंग स्थिरावतो.

त्वचा_आणि_केस

ब्रँड बदलताय, म्हणून ४८ तास आधी चाचणी करायलाच हवी. वर्षानुवर्षं डाय सोसलेल्या बाईलाही एखाद्या वेळी पीपीडीची ॲलर्जी सुरू होते. मिश्रणाचा थेंब कानामागे लावा, खोक्यावरच्या सूचनेप्रमाणे ठेवा आणि दोन दिवस बघा. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर तो रंग नाहीच. रंगवल्यानंतर पापण्या सुजल्या किंवा कानामागून पाणी सुटलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. 'अमोनिया-फ्री' म्हणजे पीपीडी नाही असं नव्हे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुवयांना केसांचा डाय लावू नका.

बोअरच्या पाण्यातले क्षार केसावर बसतात, रंग मळकट होतो आणि कॅरॅमल पितळी दिसतो. क्षार काढणारा शॅम्पू मिळतो. तो रंगवण्याच्या आदल्या दिवशी वापरा, नंतर महिन्यातून एखाद्या वेळी. शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घेतलात तरी फरक पडतो. गिझरचं कढत पाणी डोक्यावर नको, कोमटच घ्या.

रंगवल्यावर पहिला शॅम्पू निदान ४८ तासांनी, सल्फेट नसलेला, आणि पुढे आठवड्यातून दोनदाच. खोबरेल तेल धुण्याआधी तासभर फक्त लांबीला आणि टोकांना चोळा. हायलाईटच्या बटा ब्लीच झालेल्या असल्याने त्यांना कंडिशनर प्रत्येक धुण्याला लागेल.

आणि बर्गंडीच घेतलीत तर पहिल्या तीन-चार धुण्यांचं पाणी लाल येईल. केस पूर्ण वाळल्याशिवाय फिकट रेशमी ब्लाऊज घालू नका. मागच्या गळ्याला लागलेला तो डाग रेशमावरून सहजी निघत नाही. उशीलाही जुना गडद अभ्रा घाला.